79 मधला 1: ट्रूनचा आठवा होल आणि 71 वर्षांचा जीन सॅराझेन

तारीख 11 जुलै 1973, बुधवार. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं ट्रून, गोल्फच्या ब्रिटिश ओपनचा पहिला दिवस. जीन सॅराझेन, वय वर्षं 71, 18 होलची पहिली फेरी 79 फटक्यांत संपवतो. कोर्सचं पार, म्हणजे अपेक्षित फटके, 72, म्हणजे सात ओव्हर, आणि ओपनमध्ये पहिल्याच दिवशी सात ओव्हर गेलात की पुढचं फारसं काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी 81. एकूण 160, कट चुकला, म्हणजे पुढच्या फेऱ्या खेळायला मिळाल्या नाहीत, विषय संपला. पण त्या 79 च्या कार्डावर आठव्या होलसमोर 1 लिहिलेला होता, म्हणजे पहिलाच फटका थेट कपात. होल-इन-वन. आणि दुसऱ्या दिवशी 81 च्या कार्डावर त्याच होलसमोर 2.

ही गोष्ट बहुतेक वेळा फार गोड करून सांगितली जाते. म्हातारा चॅम्पियन आला, एक जादूचा शॉट मारला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या वगैरे. मला त्या सांगण्यावर आक्षेप आहे, कारण त्यात सॅराझेनचं कौशल्य बाजूला पडतं आणि राहतो फक्त चमत्कार. माझं म्हणणं असं की त्या अख्ख्या कोर्सवर हा एकच होल असा होता जो त्याच्याकडे तेव्हाही शिल्लक असलेली गोष्ट मागत होता, बाकीचे 17 होल मागत होते ती त्याच्याकडे उरली नव्हती. दोन्ही दिवसांची कार्डं शेजारी ठेवली की हे सरळ दिसतं, हिशोब पुढे देतोच.

आधी माणूस कोण ते. जन्म 1902, न्यूयॉर्क राज्यातला, इटालियन सुताराचा मुलगा, मूळ नाव युजेनिओ साराचेनी, लहानपणी कॅडी (खेळाडूंच्या बॅगा उचलणारा) म्हणून सुरुवात. उंची जेमतेम साडेपाच फूट. 1922 मध्ये विशीत असतानाच यूएस ओपन आणि पीजीए दोन्ही जिंकला, पुढे 1932 मध्ये एकाच वर्षी ब्रिटिश ओपन आणि यूएस ओपन, 1935 मध्ये मास्टर्स. आज ज्या चार स्पर्धांना आपण मेजर म्हणतो त्या चारही जिंकणारा पहिला माणूस हाच. आणि आयुष्यभर गुडघ्यापर्यंतच्या त्या जुन्या ढगळ पँट्स घालून खेळला, सगळ्यांनी कधीच सोडून दिल्या तरी.

ट्रूनशी त्याचं जुनं देणं होतं. 1923 मध्ये तो पहिल्यांदा ब्रिटिश ओपन खेळायला आला ते ट्रूनलाच, आणि त्या वेळी तो अमेरिकेचा नवाकोरा चॅम्पियन होता, लोकांच्या केवढ्या अपेक्षा. तेव्हा सगळ्यांनाच क्वालिफाय करायला लागायचं, अमुक जिंकलाय म्हणून थेट प्रवेश वगैरे नव्हता. क्वालिफाइंगच्या दुसऱ्या दिवशी वादळी वारा सुटला आणि हा क्वालिफायच झाला नाही. मुख्य स्पर्धा इंग्लंडचा आर्थर हेव्हर्स जिंकला, एका शॉटने, वॉल्टर हेगनला मागे टाकून. सॅराझेन घरी परतला आणि त्याच वर्षी त्याच हेगनला फायनलमध्ये हरवून पीजीए परत जिंकला, 38 व्या होलपर्यंत गेलेली मॅच, म्हणजे खेळ बिघडला होता असं अजिबात नव्हतं, ट्रूनच्या वाऱ्याने त्याला परत पाठवलं होतं एवढंच. त्याला बरोबर 50 वर्षं झाली म्हणून तो 1973 ला आला. जोडीला दोन जुने ओपन विजेते होते, 1947 चा फ्रेड डेली आणि 1951 चा मॅक्स फॉकनर. तिघांचाही जमाना मागे पडलेला, त्या ग्रुपकडून स्कोअरची अपेक्षा कोणी करत नव्हतं.

आता तो होल

ज्यांनी ट्रून टीव्हीवर बघितलंय त्यांना हा होल लगेच आठवेल. नाव पोस्टेज स्टॅम्प. आधी त्याला आयल्सा म्हणायचे, कारण टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, समुद्रातला आयल्सा क्रेगचा खडक दिसतो. मग विली पार्क धाकटा, स्वतः दोनदा ओपन जिंकलेला, त्याने लिहिलं की इथली ग्रीन, म्हणजे कपाभोवतीची गुळगुळीत हिरवळ, कातरून कातरून पोस्टाच्या तिकिटाएवढी करून ठेवलीय, आणि ते नाव कायमचं चिकटलं.

लांबी तेव्हा 126 यार्ड, आता त्याहून थोडी कमी. ओपन जिथे जिथे भरते त्या कोर्सेसवरचा सगळ्यात छोटा होल. टी उंचावर, मधे खोलगट झुडपी जमीन, आणि पलीकडे वाळूच्या टेकडीच्या कुशीत कोरून काढलेली लांबट अरुंद ग्रीन. भोवती पाच बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे. डावीकडचा एक तर नावानेच कॉफिन, शवपेटी. उजवीकडच्या बंकर्सच्या भिंती जवळजवळ उभ्या, बॉल भिंतीलगत थांबला तर पुढे मारायला जागाच नाही, आडवं किंवा मागे काढायचं. इथे शॉर्ट मारून वाचता येत नाही, लाँग मारूनही नाही, डावी-उजवीकडे तर नाहीच. ग्रीन चुकली तर वाचाल अशी बाजूच ठेवलेली नाही. आणि वर वारा, शांत दिवशी प्रोच्या हातात वेज (थोड्या अंतराचा क्लब) असते तिथेच वारा अंगावर आला की मिड आयर्न (जास्त अंतराची) काढावी लागते, तीसुद्धा मनात धाकधूक घेऊन.

1950 च्या ओपनमध्ये हर्मन टिसीस नावाचा जर्मन ॲमॅच्युअर इथे एका बंकरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून परत पहिल्यात असं करत 15 घेऊन गेला. पार 3 वर 15, आणि पट, म्हणजे ग्रीनवरून कपाकडे हलकेच ढकललेला फटका, त्यातला फक्त एक! मला हा आकडा नेहमी अंगावर येतो, कारण आपल्यापैकी कोणीही बंकरमध्ये अडकलेला असेल त्याला माहितीय की तिसऱ्या-चौथ्या शॉटनंतर हात नीट चालतच नाहीत.

पण या होलमध्ये एक गोष्ट नाही, ती म्हणजे लांबी. तुम्ही ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा लांब फटका, 300 यार्ड मारता का 190 याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. बाकी ट्रूनला मात्र फक्त त्याचंच घेणंदेणं आहे. कोर्स तेव्हाही सात हजार यार्डांच्या वर. आठव्याच्या आधी दोनच होल, सहावा, पार 5, साडेपाचशे यार्डांहून लांब. ट्रूनची रचना अशी की पहिले नऊ होल किनाऱ्याने लांब लांब जातात, तेव्हा वारा सहसा पाठीशी असतो, आणि मागचे नऊ परत येताना तोच वारा तोंडावर. म्हणजे दमल्यावर कोर्स आणखी लांब होतो. 71 वर्षांच्या माणसाला चारशे-साडेचारशेचे पार 4 दोन शॉटमध्ये गाठणं म्हणजे जवळपास अशक्य. तिथे तो चांगला खेळला तरी तिसऱ्या शॉटला चिप (ग्रीनजवळून छोटा शॉट), मग पट, मग बोगी, म्हणजे पारपेक्षा एक जास्त. चांगला खेळूनसुद्धा बोगी!

पहिल्या दिवशीचा शॉट

सॅराझेनने काढली 5 आयर्न. 126 यार्डला 5 आयर्न ऐकून आजच्या पोरांना नवल वाटेल पण त्याचं वय आणि शॉटचा प्रकार दोन्ही धरा. पूर्ण स्विंग नाही, पंच. बॅकस्विंग आखूड, हात बॉलच्या पुढे, बॉल खाली खाली जाणारा. हा शॉट त्याच्या पिढीच्या हातात मुरलेला होता, हिकरीच्या लाकडी शाफ्टवर शिकलेली माणसं ती, त्यांना बॉल हवेत उंच टांगायची सवयच नव्हती. आणि या ग्रीनवर तर हा शॉट अगदी बरोबर बसतो, कारण ग्रीन अरुंद आहे पण त्या मानाने लांब आहे, म्हणजे अंतराची थोडी चूक खपते, दिशेची खपत नाही. उंच बॉल वाऱ्यात दहा यार्ड इकडेतिकडे सरकला की गेला बंकरमध्ये. खालून गेलेला बॉल सरळ राहतो, ग्रीनवर टप्पा घेतो आणि पळतो.

तसाच तो टप्पा घेऊन पळाला आणि सरळ कपात गेला. टीव्ही कॅमेरे होते, फिल्म आहे, आजही बघायला मिळते. मी ती कितीदा बघितली असेल, दर वेळी बॉल कपाजवळ आला की श्वास अडकतो, निकाल माहीत असून.

हिशोब

पहिल्या दिवशी 79, त्यातला आठव्याचा 1 काढा, राहिले 17 होलमध्ये 78. त्या 17 होलचं पार 69. म्हणजे नऊ ओव्हर. दुसऱ्या दिवशी 81, आठव्याचे 2 काढा, राहिले 79, परत पार 69, म्हणजे दहा ओव्हर. नऊ आणि दहा! हे मला या प्रकरणातलं सगळ्यात बोलकं वाटतं. बाकीच्या कोर्सने त्याला दोन्ही दिवस जवळपास सारखंच वागवलं, दर दोन होलमागे साधारण एक शॉट जास्त. कोलमडलेल्या खेळाचा आकडा असा एकसारखा येत नाही, तो वरखाली होतो, एक दिवस 76 एक दिवस 88 असा. इथे खेळ ठीक आहे, अंतर कमी पडतंय, आणि ते दोन्ही दिवस तेवढंच कमी पडतंय. 71 व्या वर्षी ओपनच्या तयारीतल्या लिंक्स, म्हणजे समुद्रकाठच्या, कोर्सवर 79 आणि 81, याला खराब राउंड म्हणायचं ते फक्त लीडरबोर्डकडे बघून. पण लीडरबोर्डवर तो खराबच, ते नाकारायचं कारण नाही, त्याच कोर्सवर त्या आठवड्यात विजेता टॉम वाइस्कॉफ चार फेऱ्यांत 276 खेळला, बारा अंडर, अर्नोल्ड पामरने 1962 ला तिथेच केलेल्या रेकॉर्डची बरोबरी.

आणि आठव्यावर दोन दिवसांत तीन शॉट, पार सहा, म्हणजे तीन अंडर. दोन दिवसांत या ग्रीनवर त्याने पटर वापरलाच नाही.

आता स्ट्रोक प्लेमध्ये, जिथे एकूण फटके मोजतात, त्या होल-इन-वनची किंमत किती? पारच्या तुलनेत दोन शॉट. पार मारला असता तर 79 ऐवजी 81 झाले असते, बाकी काही फरक नाही. आपल्याकडे क्लबमध्ये वीकएंडला स्टेबलफर्ड, म्हणजे पॉइंट्सचा प्रकार, खेळतात, त्यात ग्रॉसवर (हँडिकॅपची सूट न घेता) धरलं तर पारला 2 पॉइंट आणि ईगलला (पारपेक्षा दोन कमी) 4, म्हणजे फायदा परत दोनाचाच. मॅच प्लेमध्ये, जिथे होलागणिक हारजीत मोजतात, तर एक होल जिंकलात, बस, समोरच्याने 2 केले काय नि 7 केले काय. गोल्फ कुठल्याही फॉरमॅटमध्ये होल-इन-वनला जास्त पैसे देत नाही. तरीही वाइस्कॉफची कुठली बर्डी (पारपेक्षा एक कमी) कुठल्या होलवर हे सांगणारा माणूस शोधायला लागेल, आणि सॅराझेनचा आठवा होल मात्र ट्रूनचं नाव निघालं की निघतोच.

दुसरा दिवस, जो लोक विसरतात

नशीब होतं असं म्हणणाऱ्याला मी अर्धं मान्य करतो. होल-इन-वनमध्ये नशीब असतंच. साध्या खेळाडूसाठी साडेबारा हजारात एक आणि प्रोसाठी अडीच हजारात एक असे अंदाज नेहमी सांगतात, म्हणजे प्रोलाही ते मागून मिळत नाही. बॉल ग्रीनवर कपाच्या रेषेत ठेवणं हे कौशल्य, तो आत पडणं हे वरचं दान. म्हणून नुसता पहिला दिवस असता तर मी हे एवढं लांबण लावलं नसतं.

पण गुरुवारी तो परत त्याच टीवर आला आणि या वेळी बॉल बंकरमध्ये गेला. आता या होलवर बंकर म्हणजे काय ते वर सांगितलंय, टिसीसला विचारा. सॅराझेनने सँड आयर्न काढली आणि बॉल बंकरमधून थेट कपात घातला. 2.

इथे थोडं थांबायला पाहिजे, कारण तो क्लब त्याचाच आहे. शब्दशः. आजच्या सँड वेजचं श्रेय बहुतेक सगळे सॅराझेनलाच देतात. 1930 च्या आधी बंकरमधून बॉल काढायला निब्लिक वापरायचे, पातळ धारेचा क्लब, तो वाळूत खुपायचा आणि खुपला की अडकायचा. मग खेळाडू बॉल वाळूवरून नुसता खरवडून काढायला बघायचे, एक सूत चुकलं की एक तर बॉल पलीकडच्या बंकरमध्ये नाहीतर जागच्या जागी. खोलगट तोंडाचा एक वेज आला होता पण त्यावर 1931 मध्ये बंदी आली. सॅराझेन तेव्हा विमान चालवायला शिकत होता, आणि तो सांगायचा की विमानाची शेपटी खाली गेली की नाक वर येतं ते बघून त्याला सुचलं. त्याने फ्लोरिडात निब्लिकच्या तळाला मागच्या बाजूने सोल्डर वितळवून चढवलं, परत घासलं, परत चढवलं, असं करत करत तळाची मागची कड पुढच्या धारेपेक्षा खाली आणली. यालाच आपण आज बाउन्स म्हणतो. क्लब बॉलच्या दोन-अडीच इंच मागे वाळूत शिरतो, पण खुपत नाही, तळावर घसरून पुढे निघतो, आणि बॉलला क्लब लागतच नाही, बॉलखालची वाळूच त्याला उचलून बाहेर टाकते. म्हणजे चुकीला जागा मिळाली. आधी जिथे एक सूत चालत नव्हतं तिथे एक इंच चालायला लागला.

1932 ला प्रिन्सेसच्या कोर्सवर तो हा क्लब घेऊन ब्रिटिश ओपन खेळला आणि पाच शॉटने जिंकला. अधिकाऱ्यांनी आधीच बघितला तर बंदी घालतील म्हणून तो म्हणे सरावानंतर क्लब कोटाखाली लपवून रूमवर न्यायचा. आज माझ्या बॅगेत, तुमच्या बॅगेत, शिकायला आलेल्या शाळकरी मुलाच्या हाफ सेटमध्येसुद्धा जो सँड वेज असतो तो त्या फ्लोरिडातल्या सोल्डरिंगच्या खटपटीतून आलेला आहे, आणि ती खटपट करणारा माणूस 40 वर्षांनी जगातल्या सगळ्यात बदनाम बंकरांपैकी एकात उभा राहून तोच शॉट मारतो आणि बॉल आत घालतो. बंकरमधून बॉल आत जाणं यातही नशीब आहे हो, पण बॉल कपाकडे जाईल इतका स्वच्छ बाहेर काढणं हे 71 व्या वर्षी हातात असलेलं काम आहे. त्याला ताकद लागत नाही. जागा बघायची, क्लबचं तोंड उघडायचं, वाळूवर विश्वास ठेवून स्विंग पूर्ण करायचा. यात वय आड येत नाही.

म्हणून माझ्यासाठी या प्रकरणात दुसऱ्या दिवशीचा 2 हा पहिल्या दिवशीच्या 1 चा पुरावा आहे. पहिल्या दिवशी दिशेची परीक्षा होती, दुसऱ्या दिवशी वाळूची, आणि होल तोच, जिथे ड्राइव्हची लांबी कोणी विचारत नाही.

1935 चा त्याचा प्रसिद्ध शॉट शेजारी ठेवून बघा. मास्टर्स जिथे भरते त्या ऑगस्टाचा पंधरावा होल, पार 5, दुसरा शॉट, साधारण 235 यार्ड, 4 वुड, थेट कपात. डबल ईगल, पारपेक्षा तीन कमी. क्रेग वुडशी तीन शॉटचं अंतर एका फटक्यात भरून निघालं, दुसऱ्या दिवशी 36 होलच्या प्लेऑफमध्ये त्याने मास्टर्स जिंकली. त्या शॉटने सगळं बदललं. तो 33 वर्षांच्या माणसाचा शॉट होता, त्यात लांबी होती. ट्रूनच्या शॉटने निकालात काही म्हणजे काही बदललं नाही, कट चुकायचा तो चुकलाच. पण दोनातला एक निवड म्हणाल तर मी ट्रूनचा घेईन, कारण ऑगस्टाला सगळा कोर्स त्याच्या आवाक्यात होता आणि ट्रूनला एकच होल होता, आणि तो एक त्याने दोन्ही दिवस हातचा जाऊ दिला नाही.

उलट बाजूनेही हे तपासता येतं. आठव्याला लांबी लागत नसेल तर लांब मारणाऱ्यांना तिथे फायदा व्हायला नको, बरोबर? 1997 च्या ओपनमध्ये टायगर वुड्स, 21 वर्षांचा, तीन महिन्यांपूर्वीच मास्टर्स बारा शॉटने जिंकलेला, आदल्या दिवशी 64 खेळलेला, शेवटच्या फेरीत या होलवर 6. आणि 2024 ला पहिल्याच दिवशी रोरी मॅकिलरॉय, ड्राइव्हच्या लांबीत जगात पहिल्या काही जणांमधला, वय 35, ग्रीनवरून घरंगळलेला बॉल बंकरमध्ये, पहिल्या प्रयत्नात बाहेरच आला नाही, शेवटी 5 घेऊन पुढे गेला आणि दिवसअखेर 78, सॅराझेनच्या त्या 79 पेक्षा एकच शॉट कमी.